फोटो न बघणारं गिऱ्हाईक

मी बोलतोय, पण मला शोधायला खुर्चीकडे बघू नका. तिथे मॅडम बसतात. मी त्यांच्या कॉम्प्युटरच्या आत राहतो. मला म्हणतात आभासी ब्राउझर प्रोफाइल. सोप्या भाषेत सांगायचं तर नेटवर फिरणारं, माणसाचं सोंग घेतलेलं खोटं गिऱ्हाईक. हात नाहीत, पाय नाहीत, तरी दिवसभर बाजार पालथा घालतो!

मला मॅडमनीच जन्माला घातलं. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. जुन्या घरगुती वस्तूंचे भाव नेटवरून गोळा करून दुकानदारांना पुरवायचे, हा तिथला धंदा. त्यांनी मला नाव दिलं, गाव दिलं, स्क्रीनचं माप दिलं, मासे पकडायची आवडसुद्धा दिली. मासा मी जन्मात पाहिलेला नाही! माझ्यासारखी आणखीही भावंडं होती, प्रत्येकाची थाप वेगळी. एकच गिऱ्हाईक सारखं डोकावलं तर साइटवाले हाकलून देतात, म्हणून एवढा खटाटोप.

काम सोपं होतं. जुन्या वस्तूंच्या साइटवर जायचं, वस्तूचं नाव आणि किंमत उचलायची, पुढच्या पानावर पळायचं. बटणं दाबायला मॅडमनी लिहिलेला प्रोग्राम होता. फोटो मात्र बघायचे नाहीत, ही सक्त ताकीद. ते लोड व्हायला वेळ खातात, म्हणून मॅडमनी बंदच करून टाकले होते. जिथे फोटो, तिथे मला नुसता पांढरा चौकोन दिसायचा. मला काय त्याचं, मी पडलो सांगकाम्या.

मॅडम कामाला वाघ. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि घास घ्यायचं सोडून नेटवर एकच शोध घेत बसायच्या. त्यांचा धाकटा भाऊ घर सोडून गेला होता. दिसेल ती वस्तू खोलून दुरुस्त करायचा त्याला भारी नाद, म्हणून घरी सगळे त्याला खटपट्या म्हणत. बँकेतली नोकरी सोडून तो दुरुस्तीच्या मागे लागला, तेव्हा वडील कडाडले, "भंगारवाला व्हायचं असेल तर माझ्या घरात नको." पोरगाही बापासारखाच तिरसट. गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही. "निदान जिवंत आहे एवढं तरी कळू दे गं," असं मॅडम फोनवर आईला म्हणायच्या आणि डबा तसाच बंद करायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी साइटने माझी मानगूट धरली. 'आपण यंत्र असल्याचा संशय आहे.' भावंडांचीही तीच गत. ऑफिसचे मालक, म्हणजे आमचे साहेब, धावत मॅडमच्या टेबलाशी आले.

"काय हो मॅडम, सगळी अडकली?"

"आपण फोटो बंद ठेवलेत ना साहेब. फोटो न बघता जुना पंखा घेणारं गिऱ्हाईक कुठे असतं का?"

"मग उघडा की! वाट कसली बघताय?"

मॅडमनी फोटो चालू केले, आणि अहाहा, मला दृष्टीच मिळाली! केटल्या काय, इस्त्र्या काय, पोचे आलेली पातेली काय! साइटचा संशय जावा म्हणून मॅडम स्वतः एकेक पान सावकाश बघत होत्या. एका टेबलफॅनपाशी त्यांचा हात थांबला. पंख्याची वायर नीट गुंडाळून चिंधीने बांधली होती, आणि गाठ उलटी मारलेली होती.

"साहेब, ही माझी गाठ आहे," मॅडम म्हणाल्या. "मी डावखुरी. धाकट्याला बुटाची नाडी बांधायला मीच शिकवलं. तो बिचारा उजव्या हाताचा, तरी जन्मभर उलटीच गाठ मारतो."

"अहो, जगात डावखुरे काय थोडे आहेत?"

"असू देत. विचारायला काय जातंय?"

विकणाऱ्याचं नाव भलतंच होतं. आणि या पानावर मी कितीदा तरी येऊन गेलो होतो! किंमत उचलली की पळालो. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

मॅडमनी माझ्याच खोट्या नावाने विचारलं, 'पंखा चालतो का?'

उत्तर लगेच आलं. 'मस्त चालतो. आवाज अजिबात नाही.'

मॅडमनी 'घरी ये रे' असं लिहिलं आणि पुसलं. बिथरून पुन्हा गायब झाला तर? साहेब एव्हाना स्टूल ओढून शेजारी बसले होते. शेवटी मॅडमनी धीर करून लिहिलं, 'वायरची ही गाठ तुम्हाला कुणी शिकवली?'

पलीकडे कुणी टाइप करतंय हे दाखवणारी टिंबं हलायला लागली. थांबली. पुन्हा हलली. माझा जीव, असलाच तर, टांगणीला लागला.

'ताई?'

एवढा एकच शब्द. मॅडम हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक. 'हो रे गाढवा, मीच,' असं लिहून त्यांनी घरी फोन लावला. "आई, खटपट्या सापडला! धडधाकट आहे!"

"अहो, ऐकलंत का!" पलीकडे आई ओरडली. मग खाकरल्याचा आवाज आला. वडिलांनी फोन घेतला होता.

"त्याला म्हणावं," ते म्हणाले, "घरचा मिक्सर बिघडलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी."

"कधी बिघडला बाबा?"

"तो गेल्यापासून."

मॅडमनी शब्दन् शब्द लिहिला आणि मी तो पोचवला. उभ्या आयुष्यात खरं काही सांगायची माझ्यावर आलेली ही पहिलीच वेळ. या खेपेला टिंबं थांबली नाहीत.

'कुणाला उघडू देऊ नका. निघालोय.'

सुटलो बुवा! साइटला संशय आलाय म्हणून मला आता कामावरून काढणार आहेत, माझ्या जागी नवं सोंग तयार आहे. मॅडम, खुशाल पुसून टाका मला. फक्त एक करा, तो घरी पोचल्याचा फोन येऊ दे, मगच बटण दाबा.