मापाची उशी

"मॅडम, तुम्हाला लोकांना रडवून मजा येते का?"

पालथं पडल्या पडल्याच तिनं विचारलं. तिचे दोन्ही पाय टेबलाच्या कडेबाहेर लोंबत होते, उजव्या घोट्यावर वाळूची पिशवी बांधलेली होती आणि त्या पिशवीवर फिजिओथेरपिस्ट बाईंचा तळवा होता. बाईंना ती आणि तिच्या मैत्रिणी पक्कडबाई म्हणत, कारण एकदा टाच हातात धरली की त्या सोडत नसत. प्रश्नही खरं तर तिचा नव्हता. बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. "विचारून दाखव, मग तुला मानलं," असं कप्तान म्हणाली होती, आणि तिला आत सोडताना चिमणीनं दार मुद्दाम बोटभर उघडं ठेवलं होतं. चिमणी उंचीनं तिघींत सगळ्यात थोराड होती, म्हणूनच ती चिमणी.

आदल्या वर्षी असलं काही विचारायची तिची छाती झाली नसती. तेव्हा वर्गात हजेरी देतानासुद्धा आवाज घशातच विरघळायचा. मग शाळेत व्हॉलीबॉल सुरू झालं, सरांनी तिला सहज म्हणून नेटजवळ उभं केलं आणि ती उडाली. खाली आली ती निराळीच मुलगी होऊन. संघानं तिचं नाव ठेवलं लिफ्ट. लिफ्ट वर्गात भांडायला लागली, शिक्षकांना उलट प्रश्न विचारायला लागली, आरशासमोर उगाचच जास्त वेळ थांबायला लागली. आणि एका सामन्यात उडी मारून उतरताना तिचा गुडघा आतल्या बाजूला वळला. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. तोंडाचा पट्टा मात्र शाबूत राहिला.

"येते ना," पक्कडबाई म्हणाल्या. "खूप मजा येते."

दाराबाहेर कोणीतरी नाकातून हसलं.

"जे इथे रडतात त्यांचे पाय सरळ होतात," त्यांनी तळव्यावर आणखी भार दिला. "जे दात काढत बसतात त्यांचं मला काही करता येत नाही."

"असं कसं? मी तर बादल्या भरभरून रडले. माझा कुठे झाला?"

"तेच तर मला कळत नाही." बाईंचा आवाज अचानक साधा झाला. "इथून जातेस तेव्हा पाय बरा असतो. दुसऱ्या दिवशी येतेस तेव्हा पुन्हा होता तिथेच. डॉक्टरांनी परत आत जाऊन सफाई केली, तरी तेच. आता तर ते म्हणतात, तिसऱ्यांदा हात लावला तर आणखी आखडेल. मधल्या मध्ये रात्री काय करतेस तू? रात्री दुखतं का?"

"रात्री?" तिला हसू आलं. "रात्री तर मी महाराणी असते. सुरुवातीला दुखायचं, इतकं की शेजारचे उठून बसायचे. मग आईनं उशी शिवली."

"कसली उशी?"

"गुडघ्याची. खास मापाची. आई सोफ्याच्या दुकानात शिवते ना, तिथला उरलेला मऊ फोम आणला तिनं. माप घेऊन शिवली, मधोमध खोलगट, म्हणजे गुडघा घसरणार नाही. पायाखाली सरकवली की ठणका गायब. हल्ली तर मी झोपले की तीच येऊन ठेवून जाते, मला पत्ताही लागत नाही. सकाळी उठते तर उशी जागेवर." बोलता बोलता तिला भलताच उत्साह आला. "तुमच्या पेशंटांसाठी हव्या असतील तर सांगा. आई शिवेल, मी विकेन, तुम्हाला कमिशन देऊ."

वाळूच्या पिशवीवरचा हात हलका झाला. मग निघालाच. बाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरचं खुसखुसणं बंद झालं. एक स्टूल ओढून त्या तिच्या डोक्याशी बसल्या, तेव्हा तिला त्यांचा चेहरा पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. तो पकडीसारखा अजिबात नव्हता. थकलेला होता.

"दवाखान्यातून सोडताना सांगितलं नव्हतं? पाय सरळ ठेवायचा, गुडघ्याखाली काही घ्यायचं नाही?"

"पाय सरळ ठेवा असं काहीतरी म्हणाले होते. दिवसा ठेवायचेच की मी. उशीचं... बाबा औषधं आणायला गेले होते. आई सामान भरत होती. मी गुंगीत होते."

"दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळीही तसंच. आईनं उशी दवाखान्यातच आणली होती, चादरीत गुंडाळून. मला पहिल्याच रात्री झोप लागावी म्हणून."

बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या हळू बोलायला लागल्या, एखाद्या लहान मुलाला घड्याळ शिकवावं तशा. वाकलेला गुडघा दुखत नाही. म्हणूनच तो वाकवून ठेवावासा वाटतो. पण आतली जखम ज्या जागी ठेवू त्या जागी भरते, आणि भरता भरता घट्ट होते. संध्याकाळी इथे जेवढं सुटायचं, तेवढं रात्रभरात पुन्हा बसायचं.

"मग उशी काढली की झालं ना," ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर गुडघ्याचं रंगीत चित्र होतं, त्याचा एक कोपरा सुटून गुंडाळला गेला होता. बाई उठून तो बोटानं दाबत राहिल्या. तो चिकटत नव्हता.

"पहिल्या काही आठवड्यांत काढली असती तर झालं असतं," शेवटी त्या म्हणाल्या. "आता चालशील. जिना चढशील, सायकल चालवशील. थोडं लंगडणं राहील."

"आणि नेट?"

"खोटं बोलून तुला रोज या टेबलावर झोपवता येईल मला."

एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, आणि उच्चारायची गरजही नव्हती. ती कोपरांवर भार देऊन उठून बसली. घोट्याची पिशवी स्वतःच सोडायला लागली, पण गाठ सापडेना. बाईंनी सोडून दिली.

"उद्या आईला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मला त्यांच्याशी बोलायला हवं."

"कशाला? उशी मी आजच काढते."

"त्यांना कळायला नको?"

"कळून त्या काय करतील?" ती आईला कधी 'त्या' म्हणत नसे. तिचं तिलाच विचित्र वाटलं. "तुम्ही नका सांगू. प्लीज."

"मी मुद्दाम उठून सांगायला येणार नाही. पण समोर बसून त्यांनी विचारलं, तर खोटं सांगणार नाही. ते मला जमत नाही, बाळा."

बाहेर दोघी मांजरासारख्या टपून बसलेल्या.

"मग? काय म्हणाली? दार का लावलं तिनं?" चिमणीनं तिची कुबडी पुढे केली.

"मजा येते म्हणाली."

"बघ, मी सांगितलं नव्हतं?" कप्तान मांडीवर थाप मारून हसली. "मानलं तुला. चला, लिफ्ट चालू झाली की पहिला स्मॅश पक्कडबाईच्या नावानं."

"तोवर जिन्यानं जा," ती म्हणाली. हा तिचा जुनाच विनोद होता आणि दोघी ठरल्याप्रमाणे हसल्या. रस्ताभर त्या सामन्यांबद्दल बोलत राहिल्या. तिच्या जागी उभी राहणारी नववीतली मुलगी किती घाबरट आहे, चेंडू आला की डोळेच मिटते, सर कसे वैतागतात. हे सगळं तिला बरं वाटावं म्हणून चाललं होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. तरी वळणावर, सायकलवर बसता बसता, कप्तान चुकून बोलून गेली की कालच्या सामन्यात त्याच मुलीनं शेवटचा गुण मिळवला. मग तिनं जीभ चावली. "फुकटचा होता गं," चिमणी घाईघाईनं म्हणाली.

घरी कोणी नव्हतं. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून पलंगावर बसली. उशी पायथ्याशी नीट ठेवलेली होती. करड्या कापडाची, कडेला बारीक शिवण, एकही टाका वाकडा नाही. दुकानात आईच्या हातची शिवण गिऱ्हाइकं मागून घेत, असं बाबा सांगायचे. तिनं उशी गुडघ्याखाली सरकवली आणि आडवी झाली. पाय अलगद बसला. कुठे फट नाही, कुठे ताण नाही. मग तिनं उशी हळूच काढून घेतली. गुडघा तसाच राहिला, हवेत, त्याच कोनात, जणू खाली अजून काहीतरी आहे.

ती छताकडे बघत पडून राहिली. रडावं असं वाटत होतं, पण रडू येईना. ते सगळं तिथल्या टेबलावर संपलं असावं.

किल्लीचा आवाज आला तशी ती उठली. आई खांद्यावरची पिशवी उतरवत होती. बोटात अजून शिवताना घालायचं अंगुस्तान तसंच होतं. दुकानातून निघताना ते काढायचं ती नेहमी विसरायची.

"आई, ही आता नको मला." तिनं उशी पुढे धरली. "आता रात्री दुखत नाही."

आई जागीच थांबली. उशीकडे, मग तिच्याकडे बघितलं.

"नको म्हणजे? अजिबात दुखत नाही?"

"अजिबात नाही."

"अहो," आईनं मागून येणाऱ्या बाबांना हाक मारली, आणि तिचा आवाज कसा तरी चढला, "ऐकलंत का? उशी नको म्हणतेय ही. दुखत नाही म्हणतेय."

बाबांनी पान्यांची पिशवी दाराशी ठेवली. दिवसभर कुणाचे तरी नळ दुरुस्त करून त्यांचे हात काळे झाले होते, ते त्यांनी शर्टालाच पुसले. "काय पैलवान? म्हणजे सुटत आलं म्हणायचं. मी सांगत नव्हतो, जाम झालेल्या नटाशी मारामारी करायची नसते. धीर धरला की एक दिवस आपोआप फिरतो."

"उशीनंच गुण आला," आई म्हणाली. तिनं उशी हातात घेतली, तिच्यावर नसलेली धूळ झटकली. "दुकानातले हसत होते मला. म्हणे गुडघ्याला कोणी उशी शिवतं का."

लेक पाणी प्यायला आत निघून गेली.

जेवताना दोघांच्या अंगात वारं शिरलं होतं. कितीतरी दिवसांनी घरात भांडी वाजत होती, बोलणं एकमेकांवर पडत होतं. बाबा म्हणाले, सरांना आजच फोन करतो, पुढच्या निवडीला नाव घालून ठेवा म्हणतो. आई म्हणाली, एवढी घाई नको, पण कळवून ठेवायला काय हरकत आहे. ती सारखी लेकीच्या ताटात वाढत होती. बाबांनी विचारलं की बूट जुने झाले असतील ना, पाय वाढला असेल. आई म्हणाली, पाय नाही वाढला, जीभ वाढलीय फक्त. तिघंही हसले. तीही हसली, आणि हसताना टेबलाखाली उजवा पाय सरळ करून बघितला. नेहमीच्या जागी येऊन तो थांबला.

"उद्या मी सुट्टी टाकते," आई एकाएकी म्हणाली. "तुझ्याबरोबर येते बाईंकडे."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? इतके दिवस मैत्रिणींबरोबरच जातेस. नीट समोर बसून विचारते. मधे एवढं का अडलं होतं, कशामुळे, ते तरी कळू दे. पुन्हा तसं नको व्हायला." आईनं भाताचा घास केला आणि तो ताटातच फिरवत राहिली. "रोज शेकते, चोळते, रात्री दोनदा उठून बघते. तरी मनात येतं, माझ्याकडून काही राहिलं तर नाही ना. त्या सांगतील. शिकलेल्या आहेत."

"जाऊन ये," बाबा म्हणाले. "आणि विचार, उड्या कधीपासून मारायच्या."

"तेही विचारते."

खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिनं ताट जरा पुढे सरकवलं. दोघं तिच्याकडे बघत नव्हते. आई बाबांना वाढत होती, बाबा आईला पुरे म्हणत होते. दोघांचे चेहरे तिला ओळखीचे वाटले. सामन्याच्या दिवशी ती नेटजवळ उभी राहिली की गर्दीत ते असेच दिसायचे, मान उंचावून, ती उडायच्या आधीच उडालेले.

"माझं जरा ऐका," ती म्हणाली. आवाज खणखणीत निघाला, वर्गात निघतो तसा. "मी व्हॉलीबॉल सोडलंय."

आईच्या हातातला चमचा बाबांच्या ताटावर तसाच राहिला.

"गुडघ्याचा काही संबंध नाही. पडायच्या आधीपासूनच कंटाळा आला होता, तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. आता पक्कं ठरवलंय. बाबा, सरांना फोन करू नका. बाईंकडे मी चालण्यापुरती जाईन, माझी मी." तिनं आईकडे बघितलं, आणि नजर हलू दिली नाही. "त्यांना विचारण्यासारखं काही उरलं नाही गं. तू उद्या दुकानात जा."