समासातल्या रेघा

माझं सकाळी नऊपर्यंत जपाचं मौन असतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा उपयोग कसा करायचा हे मात्र फक्त माझ्या मोठ्या जाऊबाईंना, वहिनींना ठाऊक. घरातला प्रत्येक निर्णय त्या साडेआठच्या चहाला घेतात. कप खाली ठेवतात, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, "धाकटीचं काही म्हणणं नसेल तर ठरलं." मौन धरल्याला चौदा वर्षं झाली, माझं कधी काही म्हणणं नसतं.

परदेशी मुलीला द्यायची भेटही अशीच ठरली.

खाली आमचं बाइंडिंगचं दुकान, वर आम्ही, आणि त्याच्याही वर एक खोली. त्या खोलीत ही मुलगी शिकायला म्हणून दीड वर्षापासून राहते. कॉलेजला मोठी सुट्टी लागली की भाडेकरूला काहीतरी द्यायचं, ही सासूबाईंच्या वेळची पद्धत. यंदा ती घरी जाणार नव्हती, घर फार लांब. वहिनी म्हणाल्या, "बॅग देऊ. मोठी, चाकांची, आकड्यांच्या कुलपाची." माझे दीर कपात हसले. माझ्या नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं, पण नऊ वाजायला अजून वीस मिनिटं होती.

नऊनंतर मी खाली दुकानात गेले. वहिनी कटिंग मशीनवर होत्या. मशीन त्यांचं, शिलाई माझी.

"वहिनी, बॅग देणं म्हणजे तिला जा म्हणणं."

"मग काय, ये म्हणू? आलीच आहे की ती."

"तुम्हाला खोली तुमच्या भाच्यासाठी हवी आहे."

"हवी आहे. तो घरचा आहे. ही कोण लागते तुझी?" त्यांनी गठ्ठा सरळ करून पातं खाली आणलं. "जप करताना ओठ हलतात तुझे. देवाचं नाव घेतेस की माझं?"

"तुमच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, वहिनी."

आवाज मी चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. पण त्या दिवशी खळ लावता लावता मी मनाशी पक्कं केलं की ही मुलगी जाणार नाही. तिला अशी भेट देईन की ती बॅगकडे बघणारसुद्धा नाही.

तिच्या आईची पत्रं एका पत्र्याच्या डब्यात असतात हे मला खोली झाडताना दिसलं होतं. त्यांच्या गावात फोन धड लागत नाही, म्हणून आई दर आठवड्याला कागदावर लिहिते. लिपी आपल्याला अगम्य. ऐंशीएक पत्रं, कोपरे दुमडलेले, काहींवर चहाचे डाग. ती दोन दिवस कॉलेजच्या सहलीला गेली तेव्हा मी डबा खाली आणला. खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. न विचारता नेलं, हे खरं. भेटीचं आधी विचारायचं नसतं, अशी मी माझी समजूत घातली.

सुट्या कागदांना पाठीकडून पट्ट्या लावल्या, जुजबंदी केली, म्हणजे जुड्या दोऱ्याने शिवल्या, आणि शिकंजाच्या फळ्यांमध्ये दाबून ठेवलं. दुपारी वहिनी बाजारात गेल्या तेव्हा मी त्यांच्या मशीनवर बसले. कागद लहानमोठे होते, कडा एकसारख्या करायलाच हव्या होत्या. सुरुवातीची काही सोडली तर प्रत्येक पत्रावर बाहेरच्या समासात पेनाच्या दोन बारीक रेघा होत्या, एक वर, एक खाली. आमच्या धंद्यात समासातल्या खुणा कापून टाकण्यासाठीच असतात. एखादी खूण तयार पुस्तकात राहिली की गिऱ्हाईक ते परत करतं. बावीस वर्षांच्या सवयीने मी पातं रेघांच्या आत लावलं आणि खाली आणलं. कडा अशी सुरेख निघाली की मी तिच्यावरून बोट फिरवलं. निळं कापड चढवलं आणि ते बांधलेलं पुस्तक माझ्या कपाटात ठेवलं.

भेट द्यायची वेळ वहिनींनीच ठरवली. सुट्टीचा पहिला दिवस, साडेआठ. मला तोंड उघडता येऊ नये म्हणून, दुसरं काय. आदल्या रात्री उशिरा सहलीहून परतलेली मुलगी खाली आली, केस ओले, पायात मोजे. वहिनींनी बॅग पुढे ढकलली. "घे. आता कुठेही जायला मोकळी."

ती समजली असावी. थँक्यू म्हणाली, पण बॅगला हात लावला नाही. मग मी माझं पुडकं तिच्या हातात दिलं. निळं कापड बघून तिचा चेहरा उजळला. पुस्तक उघडल्यावर आईचं अक्षर दिसलं, तशी ती हसलीसुद्धा. मी वहिनींकडे बघितलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते देवापुढे बसून सांगण्यासारखं नव्हतं.

मग तिचं बोट पानाच्या कडेवर थांबलं. तिने दुसरं पान उलटलं, तिसरं, भराभर दहा-बारा.

"रेघ कुठे?" ती म्हणाली. आपली भाषा ती तुकड्यातुकड्यांत बोलते. "दोन रेघ. बहिणीची मुलगी. मी निघाली तेव्हा पोटात. आई तिचा पाय कागदावर ठेवते. इथे टाच, इथे बोट. प्रत्येक पत्र, पाय मोठा." तिने अंगठा आणि तर्जनी आधी जवळ धरली, मग थोडी लांब. "मी तिला पाहिली नाही. फक्त पाय."

तिने ती कापलेली कडा निरखली आणि वहिनींकडे वळली. मशीनवर नेहमी कोण असतं हे तिने रोज येताजाता पाहिलेलं. "तुम्ही कापलं. आधी बॅग, मग हे."

वहिनींना क्षणभर कळलंच नाही. मग त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत. कप खाली ठेवला, खुर्चीला टेकून बसल्या.

"धाकटीचं काही म्हणणं नसेल," त्या म्हणाल्या, "तर मीच कापलं असं धरू."

मी घड्याळाकडे बघितलं. नऊला अठरा मिनिटं होती. अठरा मिनिटं गप्प बसायला माझ्याकडे देवाचं कारण होतं आणि मुलगी तोवर निघून गेली असती. काटा पुढे सरकला. मी सरकू दिला, हे लपवत नाही.

"मी कापलं," मी म्हणाले. सकाळच्या त्या वेळचा माझा आवाज मलाच अनोळखी होता. "वहिनींना काही माहीत नव्हतं. मला वाटलं, कापायच्या खुणा आहेत."

"तुकडे?" तिने विचारलं.

"कात्रणाचं पोतं काल रद्दीवाल्याने नेलं," वहिनी म्हणाल्या. "कालच." मग माझ्याकडे वळल्या. "बावीस वर्षं धंद्यात, आणि एकदा विचारावंसं वाटलं नाही? मला नाही, निदान तिला?"

मुलीने बॅग आडवी केली, पुस्तक आत ठेवलं, चेन ओढली, कुलपाचे आकडे फिरवले आणि बॅग उचलून जिना चढून गेली. चाकं असून तिने ती हातात धरली होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला वहिनींनी कप खाली ठेवला. "बॅग भरलीच आहे तिने. भाच्याला कळवते. धाकटीचं काही म्हणणं नसेल..."

"आहे," मी म्हणाले. "ती स्वतः जाते म्हणेल तेव्हा जाईल. तुम्ही म्हणाल तेव्हा नाही."

"मौन गेलं वाटतं देशोधडीला."

"गेलं."

तेवढ्यात ती दारात आली. बोलली ती वहिनींशी. "मी राहणार. परीक्षा होईपर्यंत. पण ही वर येणार नाही. किल्ली पाहिजे." मी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. ती तिने माझ्या हातातून घेतली नसती.

भाचा अजून आलेला नाही. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलतात, ती तेवढंही नाही. पत्र आलं की मी ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवते आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. थोड्या वेळाने ती उतरते, पत्र घेते, वर जाते. मग डोक्यावर पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज येतो आणि कुलपाचे आकडे एकेक करून फिरतात.