चवीपुरत्या चार ओळी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. सभेच्या टेबलावर असते ना, डोक्यावर बोट दाबले की 'टिंग' करणारी, तीच. माझ्या कुशीला एक पोचा आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

मित्रांनो, माझा जन्म एका पितळकाम करणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. त्याने मला घासूनपुसून गुळगुळीत केले आणि कौतुकाने बायकोला वाजवून दाखवले. तिने कानांवर हात ठेवले. "बाई गं! ही घरात नको. हिच्यापुढं माझं कोण ऐकणार?" म्हणून माझी रवानगी या वाचनालयाच्या सभागृहात झाली.

माझे काम एकच. वक्त्याची वेळ संपली की त्याला थांबवायचे. ते मी ताठ मानेने केले. 'दोनच शब्द बोलतो' म्हणून तासभर दळण दळणारे मी थांबवले. पाहुण्यांची ओळख करून देताना स्वतःचीच आरती ओवाळणारे थांबवले. जुने अध्यक्ष मला रुमालाने पुसत आणि म्हणत, "ही आहे म्हणून आपण वेळेवर जेवायला घरी जातो." ते गेले, लाल आकड्यांचे विजेचे घड्याळ आले आणि मी खणात पडले. शेजारी सुकलेली पेने आणि गळकी डिंकाची बाटली. मी काळवंडले, पण कुरकुरले नाही.

यंदा वाचनालयाच्या मागच्या घरात परदेशी लेखक राहायला आले. इथे राहायचे, निवांत लिहायचे आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, अशी ती योजना. नेमकी वाचनाच्या दिवशी दुपारी लाल घड्याळाने मान टाकली. चिटणीसबाईंनी खण उपसून मला बाहेर काढले. "चला, म्हातारीला काम लागलं," त्या म्हणाल्या. म्हातारी म्हणे!

इथली पद्धत अशी की पाहुण्याने आपल्या भाषेत चार ओळी वाचायच्या, मग मी वाजायचे, आणि पुढचे सगळे अनुवादक इथल्या भाषेत वाचणार. पाहुण्यांत एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या आजी होत्या. अंगात कायम पुरुषी कोट. त्यांना ही पद्धत पटेना.

"लोकांना कळणार नाही हो, कंटाळतील," चिटणीसबाई म्हणाल्या. "चवीपुरत्या चार ओळी पुरे."

अनुवादकाने ते आजींना सांगितले. आजींचे उत्तर सांगताना तो जरा चाचरला. "बाई, त्या म्हणतात, मी चवीपुरती आलेली नाही."

मग आजी खुर्चीत बसून सावकाश बोलल्या आणि तो सांगत गेला. त्यांच्या देशात शाळेत त्यांची ही मायबोली तोंडातून निघाली की पोरांना मार बसायचा. आज वाचायची गोष्ट त्यांची आई त्यांना सांगायची, पण नेहमी दार लावून, दबक्या आवाजात. आता आई नाही. "त्यांना ती एकदा दार उघडं ठेवून वाचायचीय. मोठ्यानं, पूर्ण. बाई, मी अनुवाद नाही वाचला तरी चालेल," तो स्वतःहून म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा," चिटणीसबाईंनी विषय मिटवला.

संध्याकाळी सभागृह भरले. आधीचे पाहुणे चार ओळी वाचून निमूटपणे खाली बसले. आजी उठल्या त्या थेट दाराकडे गेल्या आणि ते त्यांनी सताड उघडले. मग वाचू लागल्या. चार ओळी झाल्या, चिटणीसबाईंनी बोट दाबले, मी वाजले. पाचवी आली. मी पुन्हा वाजले, चांगली ठणकावून. माझे कामच ते, माफी कसली मागायची?

तेव्हा आजी वाचत वाचतच टेबलापाशी आल्या आणि त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. बाईंना बोट टेकवायलाही जागा उरली नाही. त्यांनी बाजूने पेन मारून पाहिले. नुसते 'थप' झाले. मनात आणले असते तर मी थोडी किणकिणले असते. नाही किणकिणले.

आता एक हात माझ्यावर आणि दुसऱ्यात कागद, मग पान कसे उलटायचे? अनुवादक पुढे आला. हातातला अनुवाद त्याने घडी करून खिशात घातला आणि कागद धरले. आजींनी हनुवटी हलवली की तो पान उलटायचा. चिटणीसबाई खुर्चीत मागे टेकल्या.

लोकांना कळले का? नाही कळले. पुढच्या रांगेतले दोघे उठून गेले, खुशाल जावोत! पण एका ठिकाणी आजींनी आईचा आवाज काढून कुणाला तरी दटावले, तेव्हा अख्खे सभागृह हसले. रस्त्यावरची माणसे दाराशी थबकली. आजींचा आवाज चढत गेला. तळहात मात्र माझ्यावरून तसूभरही हलला नाही. मला आजींचा फार अभिमान वाटला.

शेवटचे पान संपले. टाळ्या पडायच्या आधीच आजींनी तळहात उचलला आणि स्वतःच्या बोटाने मला दाबले. एकदाच. आयुष्यात मी इतकी खणखणीत कधी वाजले नव्हते.

पुढे लाल घड्याळ दुरुस्त होऊन आले आणि मी पुन्हा डिंकाच्या बाटलीशेजारी. असू दे. मित्रांनो, मला कधी बाहेर काढलेत तर आधी नीट पुसा. लांबण लावणारे बेलाशक माझ्या हवाली करा, एकेकाला बघून घेते. पण जन्मभर दार लावून बोललेले माणूस दार उघडून बोलू लागले, तर बोट मागे घ्या. नाही घेतलेत तर मी वाजणार नाही. गप्प कसे बसायचे, ते मला आता येते.