दुसऱ्या मजल्यावरची दुनळी

मी दुनळी बंदूक बोलतेय. दचकू नका, रिकामी आहे. भरलेली असते तरी आपणहून काही केलं नसतं. आमच्यात चाप माणसालाच ओढावा लागतो.

कारखान्यात माझ्या नळ्या घडल्या, एका म्हाताऱ्या सुताराने अक्रोडाचा दस्ता घासूनपुसून बसवला. पहिले मालक माझ्या आताच्या मालकीणबाईंचे वडील; बाई नर्स आहेत. त्यांच्यामागे बाईंनी रीतसर परवाना काढून मला ठेवून घेतलं. बाई दवाखान्यात लोकांच्या जखमा बांधतात आणि रविवारी मैदानावर जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडतात. तबकड्या सोडल्या तर मी आजवर कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही.

बाई भाड्याने राहतात. कोणाला इंजेक्शन, कोणाचं ड्रेसिंग, सगळं फुकट, म्हणून इमारतीत त्यांना डोक्यावर घेतलं होतं. मी कपाटात आहे हे कळलं मात्र, त्याच बाई एका दुपारीत ‘तसल्या’ झाल्या. “एकटी बाई, वर बंदूक. कुठेतरी पाणी मुरतंय,” असं जिन्यात बोलणारे गृहस्थ रोज दारू पिऊन गाडी हाकत घरी येतात. त्या गाडीने मात्र कोणाच्या पोटात गोळा येत नाही.

मग सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी पाहणीला आले. बाईंनी कपाटाची दोन्ही कुलपं उघडली, मला मधल्या बिजागरीवर दुमडून रिकाम्या नळ्या दाखवल्या. तेवढ्यात अध्यक्षांनी मला उचललं, खटकन मिटलं, एक डोळा बारीक केला आणि थेट सेक्रेटरींच्या पोटावर धरलं. बोट चापावर, चेहऱ्यावर सिनेमातला हिरो. सेक्रेटरी पांढरे पडले.

बाईंनी मला काढून घेतलं. “रिकामी असली तरी माणसावर धरायची नसते,” त्या म्हणाल्या.

खाली जाऊन अध्यक्षांनी सांगितलं, “भयंकर वस्तू आहे हो. सेक्रेटरींवर रोखली गेली.” रोखली गेली म्हणे! मला त्या माणसाची किळस आली.

घरमालक म्हणाले, सगळ्या इमारतीचं एकमत असेल तर बाईंना जागा खाली करायला सांगतो. सभा भरली. पुढचं मला बाईंनी तेलाचं फडकं फिरवताना सांगितलं. ज्यांच्या पोरांचा ताप त्यांनी उतरवला होता, त्यांचेच हात आधी वर गेले. राहिल्या तळमजल्यावरच्या आजी. त्यांच्या पायाची जखम बाई रोज बांधायच्या, पण माझं कळल्यापासून आजींनी त्यांना तोंडावर ‘येऊ नकोस’ म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे त्यांचं मत आपल्या खिशातच आहे, असं अध्यक्षांनी धरलं होतं.

आजी बसूनच बोलल्या. “मला त्या बंदुकीची फार भीती वाटते. मी तिच्या घराची पायरी चढणार नाही. पण भीती माझी आहे आणि घर तिचं आहे. माझा हात वर होणार नाही.”

ठराव बारगळला. बाई आणि मी आहोत तिथेच आहोत. आजी अजूनही बाईंना घरात घेत नाहीत. लंगडत दवाखान्यात जातात, रांगेत बसतात आणि तिथे बाईंकडूनच पाय बांधून घेतात.

तुम्हीही मला खुशाल घाबरा, माझी हरकत नाही. फक्त आजींसारखं घाबरा. आपल्या भीतीचं भाडं दुसऱ्याकडून वसूल करू नका.