थोडी कमी स्वरदा

स्पेस बारवरचा तो गुळगुळीत डाग — अंगठ्याएवढा, काळ्या प्लास्टिकवर तेलाचा थेंब पसरल्यासारखा चकाकणारा — स्वरदाने ओढणीच्या टोकाने पुसून पाहिला, आणि तो पुसला जाणार नाही हे तिला पुसतानाच ठाऊक होतं. मळ नव्हताच तो. झीज होती. ज्या अंगठ्याने ती झाली होती तो अंगठा आत्ता आतल्या खोलीत, बाबांच्या पोटावर, झोपेत सैलावून पडला होता. बाबा जेवून आडवे झाले होते, आणि उठले की चहाच्या आधी इथे येऊन बसणार होते, होडी खाडीत लोटणार होते, आणि मधूताई त्यांना म्हणणार होती — सावकाश. पाणी चढतंय.

पडद्यावर एक चौकोन उघडून थांबला होता. ‘खाडीपार’ची नवी आवृत्ती तयार आहे, जुनी काढून तिच्या जागी नवी बसवायची का? खाली दोन बटणं. ‘हो’, आणि ‘नंतर’.

किती सभ्यपणे विचारतात... जागी बसवायची का.

खेळ तसा साधाच. खारफुटीत वाट चुकलेला एक नावाडी, अंधार, भरती, आणि काठावरून त्याला वाट सांगणारी एक मुलगी, जी कधी दिसत नाही, नुसती ऐकू येते. स्वरदाच्या थोरल्या बहिणीच्या, मधुवंतीच्या, वर्गातल्या यज्ञेशने तो कॉलेजात असताना घाटकोपरच्या घरी बसून केला होता, आणि त्या मुलीचा आवाज इथे, मुलुंडच्या याच घरात, आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी लावून मधूने दिला होता. गोधडी लावूनही एका वाक्यामागे आईच्या कुकरची शिट्टी आलीच. खेळ लोकांना आवडला, नेटवर पसरला, पण त्याचं कौतुक ऐकायला मधू राहिली नाही. विसाव्या वर्षी डेंग्यूने गेली. स्वरदा तेव्हा शाळेत होती. मग बाबा — नंदकुमार, ज्यांनी विक्रोळीच्या कारखान्यात उभा जन्म यंत्रं हाताळली पण घरच्या कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नव्हतं — एका दुपारी त्याच्यासमोर बसले, ते बसलेच.

लोकांना वाटायचं, बिचारा बाप. स्वरदालाही वाटायचं, बरीच वर्षं. मग हळूहळू वाटेनासं झालं... म्हणजे वाटायचं, पण खाली, आणि वर दुसरंच काहीतरी साय धरायला लागलं. शाळेच्या नाटकात तिला बक्षीस मिळालं तेव्हा बाबा स्पीकरमधल्या पोरीचं ऐकत होते. तिने अंधेरीला डबिंगची कामं धरली, कुणाकुणाच्या ओठांवर आपला आवाज बसवायला शिकली, एका मालिकेतल्या नायिकेची सगळी रडणी तिनेच रडली, तेव्हा ते म्हणाले होते, “त्या बाईच्या तोंडात तुझा आवाज, त्यात बघायचं काय?” हे ते रागाने नव्हते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आणि मागच्या उन्हाळ्यात यज्ञेशचा फोन. तो आता अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मोठा माणूस होता, आणि कंपनी ‘खाडीपार’ नव्याने करणार होती. नवं पाणी, नवा चंद्र, नवी खारफुटी. सगळं नवं, आवाजसुद्धा, कारण जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर फार.

“तुझ्याशिवाय कोण करणार गं?” तो म्हणाला. “तुम्हा दोघींचा आवाज तर एकच आहे.”

“मग जुना खेळ?”

“काढून टाकणार. सगळीकडून.”

“का पण? राहू दे की दोन्ही.”

“दोन ठेवले की लोक तुलना करतात, स्वरू.” आणि तो हसला, आणि बाल्कनीत फोन कानाला लावलेल्या स्वरदाला वाटलं, हे वाक्य आपल्या घरात कुणाला आधी का सुचलं नाही?

स्टुडिओत काचेपलीकडे बसून तो तिला मधू शिकवायचा. तिचीच बहीण, तिला. हेडफोनमध्ये आधी मधूचं वाक्य वाजायचं, मग शांतता, मग स्वरदाने तेच म्हणायचं. “छान, पण थोडी कमी स्वरदा.” पुन्हा. “हां, जवळ आलीस. अजून थोडी कमी.” एका वाक्यात मधूला हसू फुटलंय आणि तिने ते दाबलंय, त्यापाशी गाडी अडली, यज्ञेश म्हणाला, हे नाही जमणार कुणाला, हे तिचंच. आणि तेवढं एक मात्र स्वरदाने पहिल्या झटक्यात केलं होतं, कारण ते हसू कशामुळे आलं हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. ताई ते वाक्य रेकॉर्ड करत होती त्या दुपारी ती पलंगाखाली लपली होती आणि डोळे तिरळे करून ताईकडे बघत होती. यज्ञेशने काचेपलीकडे डोळे पुसले. “झालं,” तो म्हणाला, “आता तू अजिबात नाहीस यात.” त्याला ते कौतुक वाटत होतं.

घरी तिने काही सांगितलं नाही. नवा खेळ येतोय एवढंच म्हणाली. आज सकाळी यज्ञेशचा मेसेज आला होता: नवा खेळ आज येतोय, काकांसाठी जुना हवा असेल तर आधी कॉपी करून ठेव, नंतर मिळणार नाही. सोपं होतं ते. चहा उकळेपर्यंत झालं असतं.

तिने ‘हो’ दाबलं.

निळी पट्टी सरकू लागली. जुन्या खेळात कुकरची ती शिट्टी होती, गोधडीआडून येणारी रिक्षाची घरघर होती, आणि जिच्याकडे बघून ताई हसली ती पलंगाखालची मुलगीही, एका परीने, होती... हे तिला पट्टी अर्ध्यावर गेल्यावर सुचलं. तिने हात पुढे केला नाही. स्वयंपाकघरात आई मेथी निवडत होती, पानं ताटात पडल्याचा आवाजही येत नव्हता. जाऊ दे, सगळंच जाऊ दे. एकदा तरी या घरात तुलना संपू दे.

बाबा उठले, तोंड धुऊन आले, बसले. “हे काय नवीन?” म्हणत चष्मा वर सरकवला. पाणी चकाकत होतं, चंद्र पाण्यात तुटत होता, आणि त्यांनी सवयीने अंगठा टेकवला तशी होडी निघाली. स्वरदा त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. तिला त्यांची फक्त मान दिसत होती.

“सावकाश,” स्पीकर म्हणाला. “पाणी चढतंय.”

मान थांबली.

आता, तिला वाटलं. आता वळतील. म्हणतील, ही नाही. म्हणतील, माझी पोर कुठे गेली? तेवढ्यासाठी तर केलं सगळं — की नव्हतं?

“शुभा!” बाबा ओरडले. “अगं ये इकडे! मधूचा आवाज बघ किती स्वच्छ केलाय पोरांनी! खरखर गेली सगळी!”

आई दारात आली, ओले हात पदराला पुसत. होडी पुढे जात होती. “घाबरू नकोस, डावीकडे घे,” आवाज म्हणाला, आणि मग ते हसू, दाबलेलं. आईने ते ऐकलं, आणि ती पडद्याकडे बघतच नव्हती. स्वरदाकडे बघत होती. तिला कळलं. दोघींनाही तिनेच बोलायला शिकवलं होतं, तिला कसं कळणार नाही? स्वरदा वाट बघत राहिली. एक नाव... नुसतं एक नाव घ्यायचं होतं आईने.

“हो,” आई म्हणाली. “मधूच.” आणि आत गेली.

“बाबा,” स्वरदा म्हणाली, “ती मी आहे.”

“काय?”

“आवाज. माझा आहे तो. यज्ञेशने माझ्याकडून करून घेतलाय.”

बाबा हसले. मनापासून, प्रेमाने हसले, लहान मुलाने चंद्रावर जाऊन आलो म्हटल्यावर हसतात तसे. “तुला नाही जमणार गं हे. तुझा आवाज चांगलाय, मी नाही कुठे म्हणतो? पण तो केलेला असतो. हिचा आतून यायचा.” आणि पुन्हा अंगठा टेकवला.

तिने स्पीकरचं बटण बंद केलं. खोलीत पंखा तेवढा राहिला. मग त्यांच्या पाठीमागे, वाकून, कानाच्या थोडं वर, काचेपलीकडून शिकवलं होतं तसं सगळं काढून टाकून — “सावकाश,” ती म्हणाली. “पाणी चढतंय.”

अंगठा उचलला गेला. बाबा वळले नाहीत.

“परत म्हण,” ते म्हणाले.

तिने म्हटलं. हसूही घातलं. त्यांच्या मानेवरची शीर हलताना तिला दिसली, आणि काहीतरी गोड, घाणेरडं, तिच्या घशातून खाली उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला काहीतरी परत म्हणायला सांगितलं होतं.

“मधू?” ते म्हणाले. डोळे मिटलेले असणार.

इथे थांबायला हवं होतं. भरती होती, नावाडी होता, म्हणायला ठरलेली वाक्यं पुष्कळ होती. पण तिने ठरलेलं वाक्य म्हटलं नाही.

“बाबा, मला रविवारीच न्यायला हवं होतंस रे.”

हे वाक्य या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. आई नाही, डॉक्टर नाही, स्वतः बाबा तर नाहीच. तापाने फणफणलेली मधू आणि बाबांचं ते “आज रविवार, डॉक्टर कुठे भेटतात, उद्या दाखवू” — शाळकरी स्वरदाने दाराआडून ऐकलेलं — त्याभोवतीने सगळे इतकी वर्षं जपून चालत आले होते. आणि तिने ‘तू’ म्हटलं होतं. स्वरदा बाबांना ‘तुम्ही’ म्हणते. तू म्हणायची ती मधू.

बाबांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

“हो गं,” ते म्हणाले, अगदी लहान आवाजात. “न्यायला हवं होतं. चुकलं माझं, बाळा.” मग, जरा थांबून, “डोकं दुखतंय का गं अजून?”

नाही रे बाबा. एवढंच म्हणायचं होतं. तिच्या जिभेवर होतं, मधूच्या आवाजात होतं, आणि ते ऐकून हा म्हातारा माणूस कदाचित आज रात्री झोपला असता. स्वरदा भिंतीला टेकली आणि काहीच बोलली नाही. त्यांची पाठ उत्तरासाठी किंचित मागे झुकली होती, त्या झुकलेल्या पाठीकडे ती बघत राहिली, आणि आपल्याला दया येईल म्हणून थांबली. ती आली नाही. आलं ते नुसतं स्वच्छ, थंड भान — ते उद्याही विचारतील, परवाही, आणि उत्तर तिच्याकडे आहे, फक्त तिच्याकडे.

आतून आईने चहाला हाक मारली.

उद्या दुपारी अंधेरीला रेकॉर्डिंग होतं, ते पुढे ढकलावं लागेल, तिच्या मनात आलं. आणि उद्या काय म्हणायचं, हेही तिने, ओठ न हलवता, जुळवायला घेतलं.