भिंगरीचा इको

भिंगरीचे गुडघे सुजले तेव्हा तिच्या आईने आधी फोन केला तो धाकट्या बहिणीला. बहीण मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाचे इको काढायची. घरात कुणाचं काही दुखलंखुपलं की सगळ्यांना तीच आठवायची.

"काल डावा गुडघा, आज उजवा. मागे घसा धरला होता, तापही होता."

"अगं ताई, वाढतं वय आहे. दिवसभर गरागरा फिरते, मग दुखणारच! तेल लाव, जाईल," मावशी म्हणाली. दाराबाहेर पेशंटची रांग लागली होती.

दोन महिन्यांनी भिंगरी जिन्यात मध्येच धापा टाकत बसायला लागली. तेव्हा ताई तिला घेऊन आली.

मावशीने खोलीतला दिवा मालवला. नऊ वर्षांच्या त्या पोरीला डाव्या कुशीवर निजवून छातीवर जेल लावलं.

"ई, गार! मावशी, माझं हृदय कुठल्या रंगाचं आहे गं?"

"थांब, बघू दे."

पडद्यावर झडप दिसली. जाड झालेली, नीट मिटतच नव्हती. दर ठोक्याला रक्त लाल-निळ्या रंगांत उलटं फिरताना दिसत होतं, डावा कप्पा फुगला होता. मावशीने माप घेतलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही आकडा तोच.

"सांग ना!"

"लाल आणि निळा."

"दोन-दोन रंग!" भिंगरी खूश झाली.

डॉक्टरांनी ताईला समजावलं: घसा, मग सांध्यांचा ताप, आणि त्याने धरलेलं हृदय. ताईने मान डोलावली आणि बहिणीला कोपऱ्यात गाठलं.

"तेव्हाच आणली असती तर?"

खोटं बोलता आलं असतं.

"औषध लवकर मिळालं असतं. झडप कदाचित एवढी बिघडली नसती. ताई, मी चुकले."

ताई आत जाऊन पोरीचे केस विंचरत बसली.

ऑपरेशन ठरलं, पण त्याआधीच ताप उलटला. दाखल केल्यापासून अठराव्या दिवशी सकाळी भिंगरी गेली.

मावशी वॉर्डच्या दाराशी उभी होती. आत पाऊल टाकायचा धीर होईना. तेवढ्यात ताईचा आवाज आला, "आत ये. फ्रॉक घालायचाय तिला. मला एकटीला जमत नाहीये."

दोघींनी हातावरची चिकटपट्टी हळूच सोडवली, बाह्या चढवल्या. गुंड्या पाठीला होत्या. मावशीने पोरीला छातीशी उचलून धरलं आणि ताईने त्या एकेक करून लावल्या.