तोफेचा दुसरा माणूस

या सौद्यात परीक्षितला काय मिळणार होतं ते आधी मांडू. हिवाळाभर गाडीला गॅरेज, म्हणजे सकाळी काच खरवडणं नाही आणि चाकांभोवतीचा बर्फ शोव्हल करणं नाही. रविवारी दुपारचं आयतं जेवण. बदल्यात त्यानं द्यायचे होते एप्रिल ते ऑक्टोबरमधले शनिवार, तेही एक आड एक. पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, बायको अजून तिकडे व्हिसाची वाट बघत बसलेली, कॅनडात एटोबिकोच्या एका बेसमेंटमध्ये भाडेकरू. त्याच्या शनिवारांना बाजारात भाव नव्हता. पडून राहिलेला माल देऊन गॅरेज पदरात पडतंय म्हटल्यावर तो लगेच 'चालेल अंकल' म्हणाला.

घरमालक कॉस्मस तुस्कानोला मिळणार होता एक माणूस. भाडेकरू म्हणून तो आधीच मिळालेला होता, पण भाडेकरू खाली राहतो. कॉस्मसला माणूस शेजारी उभा हवा होता.

कॉस्मस मूळचा वसईचा, पिअर्सन विमानतळावर कार्गोमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला. छंद असा, की सांगितल्यावर लोक आधी हसत आणि मग तो आपल्यापासून किती लांब राहतो ते विचारत. छोट्या तोफा जमवायच्या आणि उडवायच्या. सगळ्यात मोठी कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी, लाकडी चाकांची. जहाजावर असते तशी एक बुटकी. आणि एक पितळी उखळी, जिच्यात एखाद्या पाहुण्यानं खुशाल चटणी वाढून घेतली असती. पण नळी खरी, दारू खरी, आवाज खरा. गोळा तेवढा घालायचा नाही.

एटोबिकोत बार काढला असता तर पोलीस आले असते, म्हणून तासाभरावरच्या ग्वेल्फ शहराच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर अशा हौशी तोफवाल्यांचा क्लब जमायचा. क्लबचे नियम पुष्कळ होते, पण कॉस्मसचं सगळं ज्यावर अडलं तो एकच: एकट्यानं तोफ उडवायची नाही. बत्ती देणारा खाली वाकलेला असतो, त्याला मैदान दिसत नाही. म्हणून दुसरा माणूस शेजारी उभा पाहिजे. त्यानं चहूकडे बघून 'मोकळं' म्हणायचं, मगच काडी लावायची.

हा दुसरा माणूस वर्षानुवर्षं मेव्हिस होती, त्याची बायको. तिला तोफांची आवड होती असं कोणी समजू नये. गंधकाच्या वासानं तिला मळमळायचं. तरी ती टोपी घालून उभी राहायची, कारण परतताना तिला हव्या त्या दुकानाशी गाडी थांबायची. व्यवहार चोख होता म्हणून टिकला. मग ग्वेल्फला त्यांच्या मुलीला, जेनेलला, जुळं झालं आणि मेव्हिस दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. जुळ्यांना दात आले, पाय फुटले, डे-केअरच्या वेटिंग लिस्टवर त्यांची नावं पुढे सरकली, परत मागे गेली, आणि मेव्हिस तिथेच राहिली. भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर सोयीचं पडलं असतं, भांडण मिटवायला तरी जाता येतं. नुसतं 'ये' म्हणायला कारण लागतं. 'मला करमत नाही' हे कारण कॉस्मसच्या तोंडातून काढण्यापेक्षा त्याची दाढ काढणं सोपं होतं.

क्लबचा सेफ्टीवाला रॉय, निवृत्त फायरमन, त्याला म्हणाला होता की दुसरा माणूस मी देतो, इथे रिकामे लोक भरपूर आहेत. कॉस्मस म्हणाला, नको, माझा माणूस आहे. नव्हता. म्हणून परीक्षित.

सौदा झाला दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात, त्यामुळे पहिली उचल परीक्षितचीच. गाडी गॅरेजात गेली आणि रविवारी तो वर जेवायला आला. जेवणाच्या टेबलावर तोफा होत्या. मेव्हिस असताना त्या बेसमेंटमध्ये असत. बेसमेंट भाड्यानं दिल्यावर वर आल्या आणि हटकायला कोणी नव्हतं म्हणून टेबलावरच बसल्या. माणसांसाठी एक कोपरा उरला होता.

"पोर्क खातोस?" कॉस्मसनं विचारलं.

"बाहेर खातो अंकल. घरी नाही."

"मग हे काय आहे?"

"तुमचं घर."

"तुला बाहेरच की. घे."

परीक्षितनं घेतलं, आणि दुसऱ्यांदाही घेतलं.

एप्रिलमध्ये बर्फ गेला आणि कॉस्मसची पाळी आली. शेतावर त्यानं परीक्षितला काम शिकवलं. मापानं दारू ओतायची, कागदाचा बोळा गजानं ठासायचा, नळीच्या मागच्या बारीक भोकात बत्ती खोचायची. मग परीक्षितनं मान वळवून सगळं शेत बघायचं.

"मोकळं," परीक्षित म्हणाला.

"बघितलंस कुठे? पुणेरी माणसासारखं दारातूनच नाही म्हणू नकोस. नीट बघ."

त्यानं नीट बघितलं. कॉस्मसनं काडी लावली. एवढ्याशा तोफेतून एवढा आवाज निघाला की परीक्षितच्या हातातला गज खाली पडला. पांढरा धूर कुंपणाकडे गेला. मग कॉस्मसनं ओला फडका नळीत फिरवला आणि दोन खुर्च्या उघडल्या.

"आता थांबायचं. ठिणगी आत राहिली तर पुढची दारू हातात पेटते."

"किती वेळ?"

"नळी सांगते," कॉस्मस म्हणाला, आणि थर्मास काढला.

नळी फार सावकाश सांगायची. थर्मास संपेपर्यंत तरी ती काही बोलायची नाही. तोवर हे दोघं बोलायचे.

"तुझी अपूर्वा कुठली?"

"नागपूरची."

"मग थंडीत तिचं कठीण आहे. मेव्हिस पहिल्या वर्षी आंघोळीलासुद्धा जॅकेट काढायची नाही."

"अंकल, काहीही."

"काढायची रे. बोलायची पद्धत असते."

असे शनिवार गेले. परीक्षितला वाटायचं आपण तोफा उडवायला येतो आणि मध्ये थांबावं लागतं. कॉस्मसचं उलटं होतं. तो थांबायला यायचा, आणि थांबायला निमित्त हवं म्हणून मध्ये तोफ उडवायचा. दोघंही एकटेच होते म्हणा, पण परीक्षितच्या एकटेपणाला मुदत होती, फाईल नंबर होता, आणि तो ऑनलाइन तपासता यायचा.

जुलैत कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून क्लबात गर्दी होती. शेजारच्या तोफा भराभर उडत होत्या. परीक्षितनं जाऊन रॉयला विचारलं की दोन बारांच्या मध्ये किती थांबायचं असतं.

"टू मिनिट्स," रॉय म्हणाला. "थ्री, इफ यू आर नर्व्हस."

परीक्षित परत आला. "अंकल, दोन मिनिटं पुरतात म्हणे."

"त्यांच्या तोफा वेगळ्या," कॉस्मस म्हणाला आणि कपात चहा ओतत राहिला.

परीक्षितला वाटलं, म्हातारा माणूस आहे, घाबरतो, आणि कामात नीट घडी नाही म्हणून वेळ लागतो. कामाची घडी बसवणं हा तर त्याचा धंदा. पुढच्या वेळी तो दारूची मापं आधीच छोट्या बाटल्यांत भरून, बत्त्या कापून, बोळे वळून घेऊन आला. फोनवर टायमर लावला. टायमर वाजला की फडका, बाटली, बोळा, गज. दुपारपर्यंत चालणारं काम सकाळीच आटोपलं आणि थर्मास भरलेलाच घरी आला.

"बघा, किती वेळ वाचला," परीक्षित म्हणाला.

"छान केलंस," कॉस्मस म्हणाला. वाचलेला वेळ त्यानं त्या दिवशी टीव्हीसमोर घातला.

सप्टेंबरमध्ये अपूर्वाचा व्हिसा आला. परीक्षितनं ओकव्हिलला, ऑफिसजवळ, कंडोत फ्लॅट घेतला. महिनाअखेरीला तो जाणार होता आणि क्लबचा वर्षातला मोठा मेळावा होता ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी, नेमका अपूर्वाचं विमान उतरायचं त्याच दिवशी. म्हणजे कॉस्मसचा माणूस ऐन वेळी चालला होता. कोणालाही वाटेल की याचं नुकसान झालं. कॉस्मसनं मात्र त्याच संध्याकाळी फोन उचलला, आणि मी सांगतो, त्याच्या आवाजात नुकसानीचं काही नव्हतं.

"मेव्हिस, अडचण आहे."

"काय झालं? प्रेशर?"

"प्रेशर बरोबर आहे. परीक्षित चाललाय. मेळाव्याला दुसरा माणूस नाही."

"मग?"

"मग काय. नियम आहे."

"नियम आहे म्हणजे यायलाच पाहिजे."

"नियमच आहे," कॉस्मस म्हणाला.

"जेनेलला विचारते. आणि येते तर सोमवारपर्यंत राहीन, लगेच कशाला पळायचं."

दुसऱ्या दिवसापासून घर साफ व्हायला लागलं. तोफा टेबलावरून उठून शेल्फवर गेल्या, टेबलाला कापड आलं, वॉशरूमला नवा पडदा आला. खाली खोकी भरत बसलेल्या परीक्षितला व्हॅक्यूमचा आवाज ऐकू यायचा. त्यानं विचारलं तेव्हा कॉस्मस म्हणाला, "तू चाललास. मग मेव्हिसला यावं लागतंय. काय करणार?"

त्याच्या 'काय करणार' मधला आनंद ऐकायला वयाची चाळिशी तरी उलटावी लागते. परीक्षितला ऐकू आला तो फक्त बोजा. सबंध हिवाळा गॅरेज वापरलं, जेवलो, आणि आता आपल्यामुळे एका बाईला जुळी नातवंडं टाकून, नको त्या वासात उभं राहावं लागणार. त्याला ते लागून राहिलं. त्यानं ठरवलं की यातून मार्ग काढायचा, आणि दुर्दैवानं त्याला मार्ग काढता येत होता.

जायच्या आदल्या दिवशी तो वर आला तो हातात एक डबी घेऊन. डबीतून लांबलचक वायर निघालेली, वर एक किल्ली, एक लाल बटण.

"बत्तीच्या जागी ही तार खोचायची. मग तीस पावलं मागे जायचं, किल्ली फिरवायची, बटण दाबायचं. वाकायचंच नाही, त्यामुळे मैदान तुम्हालाच दिसतं. मी रॉयला दाखवलं. तो म्हणाला, याला दुसरा माणूस लागत नाही. त्यानं लेखी परवानगी दिलीय."

कॉस्मसनं डबी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"बटण हे?"

"हो. आणि आंटींना मी कळवलंय. म्हटलं, त्यांना उगीच दगदग."

"कधी कळवलंस?"

"आत्ताच."

कॉस्मसनं मान हलवली. "थँक्यू," तो म्हणाला. "फार खटपट केलीस." पोराच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसत होता. तो कसा काढून घेणार.

मेव्हिसचा फोन जेवणानंतर आला.

"परीक्षितनं मशीन केलंय म्हणे."

"हुशार आहे मुलगा."

"म्हणजे आता माणूस लागत नाही."

"नियमानं लागत नाही आता."

"मग मी नाही आले तरी चालेल."

"चालेल म्हणजे, अडणार नाही."

पलीकडे एक जुळं रडलं, कोणीतरी इंग्रजीत त्याला समजावलं. मेव्हिस अजून लाईनवर होती.

"जेनेलनं सुट्टी टाकली होती," ती म्हणाली. "सोमवारपर्यंतची."

"मग मुलांना घेऊन फिरून या कुठेतरी."

"तसं करता येईल. मग येऊ की नको, कॉस्मस?"

पन्नाशीच्या घरात आलेल्या संसारात मेव्हिसनं कुठलीही गोष्ट दोनदा विचारलेली कोणाच्या ऐकिवात नाही. कॉस्मस नव्या कापडाच्या टेबलाशी बसला होता. एक शब्द म्हणायचा होता, आणि त्या शब्दाला टेकवायला आता नियम नव्हता.

"कशाला उगाच," तो म्हणाला. "थंडीत उभं राहायचं. तुला वासाचा त्रास होतो."

"तो होतोच," मेव्हिस म्हणाली. "ठेवते मग."

मेळावा झाला. कॉस्मस तीस पावलं मागे गेला, शेत बघितलं, किल्ली फिरवली, बटण दाबलं. एकही बार फुसका गेला नाही. दूर उभं राहिल्यामुळे कपड्यांना वासही लागला नाही. आजूबाजूच्या जोडप्यांतल्या बायका येऊन डबी बघून गेल्या आणि त्यांनी आपापल्या नवऱ्यांना सांगितलं की असलं एक आपल्यालाही घ्या. रॉयनं परीक्षितचा नंबर लिहून घेतला. परतताना हायवेवर ग्वेल्फची पाटी आली तेव्हा कॉस्मसनं गाडीचा वेग कमी केला, मागचा ट्रक हॉर्न द्यायला लागला, तसा तो सरळ पुढे गेला.

आता शेवटची बेरीज. परीक्षितला गॅरेज मिळालं, जेवण मिळालं, आणि कोणाचं काही देणं राहिलं नाही असं समाधान घेऊन तो ओकव्हिलला अपूर्वाच्या स्वागताला लागला. रॉयला जास्त सुरक्षित क्लब मिळाला. पुढच्या मोसमात शेतावर माणसं निम्मी दिसत होती, म्हणजे बायकांना त्यांचे शनिवार मिळाले. जेनेलनं सुट्टी रद्द केली नाही, ती झोपून काढली. भरलं कॉस्मसनं. आणि थोडं मेव्हिसनं भरलं, पण किती ते तिनं त्याला सांगितलं नाही, आणि आपण भरून समोरच्याचा त्रास वाचवला असंच दोघंही धरून चालली.